खोली आसा, पण नाय

वर तारखा, डावीकडे खोल्या, मध्ये चौकोन. खोली भरलेली असेल तर चौकोन तांबडा, मोकळी असेल तर हिरवा. लॉजच्या बुकिंगचं वेब ॲप्लिकेशन करायला घेतलं की सगळ्यात आधी हा तक्ता कागदावर काढला जातो, आणि काढणारा माणूस पेन खाली ठेवताना हमखास म्हणतो, "एवढंच तर आहे." हे वाक्य ज्या ज्या कामाबद्दल म्हटलं गेलं, त्या त्या कामानं माणसं म्हातारी केली आहेत. बाथरूमची एक टाइल बदलणं, लग्नपत्रिकेवरची नावं ठरवणं, आणि खोल्यांचा तक्ता.

हिशेब तसा किरकोळ आहे. सात खोल्या गुणिले ३६५ दिवस, म्हणजे वर्षाचे २५५५ चौकोन. बँकांची कॉम्प्युटरं कोट्यवधी खाती सांभाळतात, त्यांना कधी घाम फुटल्याचं ऐकिवात नाही. पण बँकेतल्या पैशाला मेव्हणा नसतो. खोलीला असतो, आणि तो न कळवता येतो.

ज्यांच्यासाठी हा तक्ता करायचा होता ते गृहस्थ मालवणजवळ, तारकर्लीच्या बाजूला, माडांच्या बागेत सात खोल्या चालवतात. मी त्यांना काका म्हणतो. कोकणात पन्नाशी उलटलेला ग्राहक आपोआप काका होतो, आणि एकदा काका झाला की त्याच्याकडे उरलेलं बिल मागायला जीभ रेटत नाही. धंद्याच्या दृष्टीनं हे वाईट. पण मे महिन्यात हापूसची पेटी येते, आणि जीएसटीच्या कुठल्याही रकान्यात ती दाखवावी लागत नाही.

डावीकडे खोल्यांची नावं भरायला घेतली तिथूनच गंमत सुरू झाली. कॉम्प्युटरला हवे होते क्रमांक, एक ते सात. काकांकडे होत्या समुद्राकडची, आंब्याखालची, कोपऱ्यातली, मागची, नवी आणि माडी. यातली नवी खोली सगळ्यांत जुनी. ती बांधली तेव्हा नवी होती. बाकीच्या मागून झाल्या, पण तोवर नाव पक्कं बसलं होतं. समुद्राकडच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, कारण पुढचे माड वाढले. ऐकू येतो मात्र छान, आणि ऐकू येण्याचेही पैसे लावलेले आहेत. माडी ही एक खोली की दोन, ते मधल्या दाराच्या कडीवर अवलंबून. कडी लावली की दोन कुटुंबं, काढली की आठ जणांचं एकच, आरडाओरडा करणारं.

या माडीसाठी तक्त्यात किती ओळी ठेवायच्या? हॉटेलांच्या सॉफ्टवेअरमध्ये याचं रीतसर उत्तर आहे. डावी माडी, उजवी माडी आणि अख्खी माडी अशा तीन ओळी करायच्या. अख्खी विकली की दोन्ही अर्ध्या आपोआप बंद. अर्धी एक जरी विकली तरी अख्खी बंद. असं केल्यावर सात खोल्यांच्या तक्त्यात आठ ओळी झाल्या. काकांनी त्या बोटानं मोजल्या, आणि एक पैसा न घालता खोली वाढवून दिल्याबद्दल काकूंना हाक मारून माझ्यासाठी सोलकढी मागवली.

आता तक्ता आडवा की उभा. हॉटेलवाल्यांच्या जगात तारखा वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे धावतात आणि खोल्या एकीखाली एक उभ्या राहतात. काकांचा डोळा मात्र 'कालनिर्णय'वर तयार झालेला. त्यात वार डावीकडे उभे असतात आणि तारखा वरून खाली उतरतात; १९७३ पासून महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांनी दुधाचा हिशेब याच दिशेनं लिहिला आहे. आडव्या धावणाऱ्या तारखा बघून काका मान वाकडी करून बसले. तक्ता उभा केला तर त्यांचा मुलगा म्हणाला, "असं जगात कुठेच नसतं हो." मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेला, त्यामुळे जगात काय असतं हे त्याला ठाऊक. बापाची मान की मुलाचं शिक्षण, यात मुलाचं शिक्षण जिंकलं. फी भरलेली होती.

आडवा तक्ता कॉम्प्युटरवर देखणा दिसतो. पण काकांकडे कॉम्प्युटर नाही, फोन आहे. महिन्याचे तीस रकाने, एकेक चाळीस पिक्सेलचा, म्हणजे झाले बाराशे. फोनची रुंदी साडेतीनशेच्या आसपास. तेव्हा बोटानं सरकवणं आलं. सरकवलं की खोल्यांची नावं डावीकडून बाहेर जातात आणि हाती नुसते तांबडे-हिरवे चौकोन उरतात, कुठल्या खोलीचे ते देव जाणे. म्हणून नावांचा रकाना जागच्या जागी चिकटवायचा. खाली सरकलं की तारखा वर निघून जातात, म्हणून त्यांची ओळही चिकटवायची. राहिला वरचा डावा कोपरा. त्यात लिहायचं काहीच नसतं, पण आडवं सरकवा की उभं, त्याला हलायचं नसतं आणि कोणाच्याही खाली जायचं नसतं. अशी एक व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असते. तिचा झेड-इंडेक्स, म्हणजे कोणी कोणाच्या वर दिसायचं तो मान, सगळ्यांपेक्षा जास्त ठेवावा लागतो, नाहीतर सुट्ट्यांच्या दिवसांत मे महिन्याच्या तारखा तिच्या अंगावरून चालत जातात.

एवढं करूनही चिकटवलेला रकाना कधी कधी चिकटतच नाही. मग शोध घेतला की कळतं, पाच घरं वरच्या कुठल्याशा पूर्वजानं 'ओव्हरफ्लो हिडन', म्हणजे बाहेर आलेलं झाका, असं लिहून ठेवलंय. तो पूर्वज या तक्त्याशी संबंधित नसतो, त्याला तक्ता ठाऊकही नसतो, पण त्याच्या त्या एका शब्दानं वंशजांची चिकाटी जाते. आणि रकाना चिकटलाच, तर चौकटीच्या रेघा चिकटत नाहीत. तक्त्याच्या शेजारशेजारच्या रेघा एकत्र करायला सांगितलं असेल तर ब्राउझरच्या हिशेबी त्या रेघा चौकोनाच्या नसतात, सगळ्या तक्त्याच्या सामाईक असतात. त्यामुळे नाव जागेवर राहतं आणि त्याची कुंपणाची रेघ तक्त्याबरोबर निघून जाते. सामाईक रेघेवरून कोकणात किती दावे चालू आहेत हे ठाऊक असणाऱ्याला यात नवल वाटत नाही.

हे सगळं दिसण्याचं. खरी मेख एका चौकोनात आहे: हा एक चौकोन म्हणजे नक्की काय?

काका म्हणाले, दिवस. मी म्हटलं, रात्र. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी काही भलतंच बोललो. पण बघा. कोल्हापूरचं कुटुंब १२ तारखेला येतं आणि १४ ला सकाळी जातं. पुण्याचं कुटुंब १४ ला दुपारी येतं आणि १६ ला जातं. चौकोन म्हणजे दिवस धरला तर १४ तारखेचा चौकोन कोणाचा? कोल्हापूरकरांचा म्हणून तांबडा केला तर पुणेकरांना खोली मिळत नाही. हिरवा ठेवला तर कोल्हापूरकर दात घासत असताना आत दुसरंच कोणी बॅगा घेऊन येतं. चौकोन म्हणजे रात्र धरली की भांडण मिटतं. कोल्हापूरकरांच्या रात्री १२ आणि १३, पुणेकरांच्या १४ आणि १५. येण्याची तारीख धरायची, जाण्याची सोडायची. बँकेत मुदत ठेवीचं व्याजही असंच मोजतात, हे सांगितल्यावर काकांचा विरोध मावळला.

दोन बुकिंगं एकमेकांना भिडतात का, हे तपासायचं सूत्रही मग एका ओळीत बसतं: पहिला जायच्या आधी दुसरा येतो, आणि दुसरा जायच्या आधी पहिला येतो, ही दोन्ही विधानं खरी असली तर भांडण, एक जरी खोटं ठरलं तर सुखानं नांदा. नवशिका प्रोग्रॅमर याच गोष्टीसाठी चार-पाच शक्यतांची जंत्री लिहितो: हा त्याच्या आत, तो याच्या आत, हा डावीकडून घुसला, तो उजवीकडून. त्या जंत्रीतलं सगळं बरोबर असतं, आणि तरी तिच्यात एक शक्यता राहते.

तक्त्यावर हे दाखवायचं ते असं: बुकिंगची पट्टी येण्याच्या चौकोनाच्या मध्यावर सुरू करायची आणि जाण्याच्या चौकोनाच्या मध्यावर संपवायची. मग १४ तारखेच्या एकाच चौकोनात कोल्हापूरची शेपटी आणि पुण्याचं तोंड समोरासमोर येतात, मध्ये थोडी फट. ती फट म्हणजे काकूंनी चादरी बदलायची वेळ. चेक-आउट दहाला, चेक-इन बाराला. कागदावर फार सुंदर दिसतं.

पण मुंबईहून कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी कुडाळला सोडते. रिक्षा करून माणसं साडेनऊच्या आत दारात. आदल्या रात्रीचे पाहुणे अजून खोलीत, घावणे खातायत. नवे आलेले तिष्ठत. ही माणसं त्या वेळी तक्त्यावर कुठे असतात? ती बुक केलेल्या रात्रीच्या आधी आलेली, त्यामुळे चौकोन त्यांना ओळखत नाही. काकांना त्याची फिकीर नव्हती. ही माणसं पडवीत असतात. पडवीत बाक आहे, झोपाळा आहे, चहा आहे, आणि समोर काका आहेत. दोन तास काका त्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याची माहिती देतात. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला इथपासून सुरुवात करतात आणि साधारण संभाजीराजांपर्यंत येतात तोच खोली तयार झाल्याचा निरोप येतो. "ह्येत पडवी खय आसा?" काकांनी तक्त्यावर बोट फिरवत मला विचारलं. पडवी नव्हती. त्यांनी काही म्हटलं नाही, पण तक्त्यावरचा त्यांचा विश्वास तिथून जो उतरला तो काही पुरता चढला नाही.

तारखांचं मी सांगू नये असं माझ्या घरच्यांचं मत आहे, कारण मी थांबत नाही. तरी थोडं. ब्राउझरमध्ये जी जावास्क्रिप्ट नावाची भाषा चालते ती १९९५ साली ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी दहा दिवसांत उभी केली, असं सांगतात. तारखांचा विभाग जावा भाषेतून जसाच्या तसा उचलला. त्यात महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी शून्य आणि मे चार. तारखा मात्र एकपासून. का? विचारू नये. भल्या भल्या घरांत जेवणाच्या पद्धती अशाच पडतात. त्याहून वाईट म्हणजे तारीख ही मुळात तारीख नसतेच, तो असतो एक क्षण, ग्रिनिचच्या घड्याळात मोजलेला. तुम्ही भारतात बसून १ मे ची मध्यरात्र दिलीत आणि ती ग्रिनिचच्या रीतीनं लिहून घेतलीत, की ती होते ३० एप्रिल, संध्याकाळचे साडेसहा. मागची वेळ कापून नुसती तारीख वहीत टाकली की महाराष्ट्र दिनाला येणारे पाहुणे तक्त्यावर आदल्या दिवशी येऊन थडकतात. सगळा देश ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे म्हणून सगळ्या देशाची बुकिंगं एक दिवस मागे. लंडनच्या प्रोग्रॅमरला हिवाळ्यात हा आजार होतच नाही, आणि म्हणून त्याला तो पटतही नाही.

यात मुंबईची तर वेगळीच तऱ्हा. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईनं स्वतःचा 'बॉम्बे टाइम' पार १९५५ पर्यंत सांभाळला, देशापेक्षा ३९ मिनिटं मागे. साहेबाकडे तर मिनिटांचा प्रश्नच नव्हता, दिवसच गेले होते. ब्रिटननं कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी १४ तारीख उजाडली. म्हणजे लंडनच्या खाणावळीत २ तारखेला उतरून १४ ला निघालेल्या माणसाचं बिल एका रात्रीचं व्हायला हवं. जावास्क्रिप्टला विचाराल तर ती बारा रात्री सांगते, आणि खाणावळवाला तिचंच ऐकेल.

काकांना १७५२ शी देणंघेणं नव्हतं. त्यांना तक्त्यावर तिथी हव्या होत्या.

मला आधी वाटलं, श्रद्धेचा भाग आहे. तसं नव्हतं, मासळीचा भाग होता. मालवणात पाहुणा येतो तो सुरमईसाठी. समुद्र हे निमित्त. त्यामुळे संकष्टी कधी, एकादशी कधी, श्रावण कधी लागतो, यावर खोल्यांचा भाव ठरतो. "शनिवार-रविवार मोकळा आहे म्हणता, पण शनिवारी संकष्टी आहे ना हो? मग आम्ही रविवारी येऊन सोमवारी जाऊ. नको, सोमवारी यांचा उपास." असले फोन काका रोज घेतात. गटारीला गर्दी, दुसऱ्या दिवसापासून शुकशुकाट. २०२३ साली अधिक श्रावण आला. १८ जुलैपासून अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज, असा दोन महिने श्रावण. अधिक महिन्यात मासे चालतात की नाही, यावर काकांच्या फोनवर जे चर्चासत्र झालं त्यात पुणे, डोंबिवली आणि नाशिक अशी तीन वेगळी मतं पडली. हिरवा चौकोन हा असा तीन गावांत तीन प्रकारे हिरवा असतो.

गणपतीचं तर विचारूच नका. कॉम्प्युटरला 'दर वर्षी याच तारखेला' हे बरोबर समजतं. पण गणपती २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे १४ सप्टेंबरला. 'भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून सात दिवस बंद' असं तक्त्याला समजावायचं तर त्याच्या पोटात पंचांग घालावं लागतं. शेवटी दर वर्षी दिवाळीत नवं 'कालनिर्णय' आणून पुढच्या वर्षाच्या तारखा हातानं भरायच्या असं ठरलं. हे काम काकू करतात, आणि हा तक्त्याचा एकमेव भाग आहे जो आजवर कधी बिघडला नाही.

त्या दिवसांत खोल्या बंद म्हणजे रिकाम्या नव्हेत. "गणपतीत खोली देऊची नाय," हा काकांचा नियम, कारण सातही खोल्यांत मुंबईहून आलेले चाकरमानी भाऊबंद. तक्त्यावर हा कुठला रंग? पैसे आलेले नाहीत, येणार नाहीत, पण एक गादी मोकळी नाही. तिथं तिसरा रंग जन्माला आला. जांभळा. अर्थ: घरचे.

एकदा तिसरा रंग आला की चौथा अडवता येत नाही. मी काकांची जुनी वही मागितली, रंगांचा काय तो एकदाच निकाल लावावा म्हणून. लांबडी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, दोरीनं पेन्सिल बांधलेली. त्या वहीत दोन अवस्था नव्हत्या. निळ्या पेनानं लिहिलेलं नाव म्हणजे ॲडव्हान्स आला. गडद पेन्सिल म्हणजे "पाठवतो म्हणाले". फिकट पेन्सिल म्हणजे "बायकोला विचारून सांगतो म्हणाले". फिकट आणि भोवती गोल म्हणजे बायको हो म्हणाली, आता साहेब रजा देतो का बघायचं. खोडलेलं पण वाचता येईल असं खोडलेलं म्हणजे नाही म्हणाले, पण त्यांचं काही खरं नाही. आणि काही चौकोन साफ कोरे, तरी काका तिथे कोणाला खोली देत नव्हते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, समुद्राकडची खोली. पान कोरं. मी विचारलं, ही मोकळी ना?

"आसा, पण नाय."

म्हणजे?

सांगलीचे एक डॉक्टर दर वर्षी त्या आठवड्यात येतात. बुकिंग? "ते बुकिंग करनत नाय. येतत." मधल्या एका वर्षी आले नाहीत, तेव्हा? खोली तशीच ठेवली होती. काका त्यांच्यावर रागावले नाहीत. उलट काळजीनं फोन केला. मोठ्या बुकिंग साइटवर तुम्ही पैसे भरेपर्यंत खोली दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवतात, कोपऱ्यात घड्याळ उलटं मोजत असतं, तुमच्या छातीत धडधडतं. काकांची धरून ठेवण्याची मुदत डॉक्टर हयात आहेत तोवर. मी हा रकाना करायला घेतला. मुदत किती लिहू? फॉर्म तारीख मागत होता, आणि काकांसमोर ती तारीख विचारणं अभद्र होतं.

याच्या उलटही होतं. फोन आला, "रूम आहे का?" तर काका हो किंवा नाही म्हणतच नाहीत. मालवणी सोडून शुद्ध मराठीत शिरतात आणि विचारतात, "आपण कुठून बोलता? किती जण आहात? फॅमिली आहे ना?" या तीन उत्तरांनंतर खोली रिकामी आहे की नाही ते ठरतं. आजी, दोन मुलं आणि जावई असं म्हटलं की भरलेल्या लॉजमध्ये खोली निघते. सहा मित्र म्हटलं की रिकामं लॉज फुल्ल. हा अन्याय आहे, आणि मी तो तक्त्यात घालणार नाही असं काकांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान्य केलं. "तू तुझ्यात घालू नको. माझो फोन माझ्याकडे आसा." ऑनलाइन आलेल्या सहा मित्रांचं पहिलं बुकिंग त्यांनी निमूट घेतलं, कारण पैसे आधीच जमा होते. ती पोरं रात्री दहाला झोपली, कॅरम खेळली, आणि जाताना खोली झाडून गेली. काका अजून त्यावर विचार करतायत.

ऑनलाइन म्हटलं की दुहेरी बुकिंग आलंच. एकाच खोलीची जाहिरात दोन-तीन साइटवर असते, आणि त्या एकमेकींशी बोलतात त्या आयकॅल नावाच्या फाइलमधून. १९९८ साली ठरलेली आणि २००९ साली दुरुस्त केलेली ही पद्धत साधी आहे, आणि तिच्यातही जाण्याची तारीख धरत नाहीत, हे मी काकांना मुद्दाम दाखवलं. अडचण एवढीच की साइट ही फाइल वाचायला मनात येईल तेव्हा येते, काही तासांनी एकदा. मधल्या वेळात खोली तिच्या लेखी रिकामीच. गावात बारसं होऊन गेलं तरी मुंबईच्या आत्याला कळायचं असतं, तसलाच प्रकार.

निदान आपल्या वहीत तरी एक खोली दोघांना जाऊ नये म्हणून मी डेटाबेसलाच वेसण घातली. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. त्याला २०१२ पासून तारखांचा अख्खा पट्टा ही एकच वस्तू म्हणून कळतो. एका खोलीचे दोन पट्टे एकमेकांवर येता कामा नयेत, असा नियम एकदा लिहिला की तो कोणाचं ऐकत नाही. दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी एकाला परत पाठवतो. प्रोग्रॅमर म्हणून मला या नियमाचा फार अभिमान आहे. काकांनी मे महिन्यात नवी खोली एका ओळखीच्या कुटुंबाला द्यायला बटण दाबलं, तर तांबडी पाटी आली.

"नाय म्हणणारो तो कोण?"

खोली खरंच भरलेली होती. पण काकांच्या दृष्टीनं खोली भरणं ही अडचण आहे, कारण नव्हे. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञानं १९२४ साली एका व्याख्यानात एक हॉटेल कल्पिलं होतं. खोल्या अनंत, सगळ्या भरलेल्या, तरी नवा पाहुणा आला की प्रत्येकाला पुढच्या खोलीत सरकवायचं, पहिली मोकळी होते. जग आजही या युक्तीला दाद देतंय. काकांनी त्या संध्याकाळी काय केलं ते सांगतो. नव्या खोलीतल्या नवराबायकोला "तुम्हाला समुद्र ऐकायचाय ना" म्हणून समुद्राकडच्या खोलीत हलवलं. समुद्राकडच्यांना माडीच्या उजव्या बाजूला, "वारा चांगला". उजव्या माडीतल्या कॉलेजच्या मुली डाव्या माडीतल्या मावशीकडे, कारण दोन्ही कुटुंबं चिपळूणची निघाली होती आणि दुपारीच त्यांची कडी काढून गप्पा चालू झाल्या होत्या. नव्या खोलीत ओळखीचं कुटुंब शिरलं. त्यांचे दोन वाढीव मुलगे काकांच्या पलंगावर, आणि काका पडवीत. हिल्बर्टला त्यासाठी अनंत खोल्या लागल्या होत्या.

हे सगळं तक्त्यावर कुठेच उमटलं नाही. तक्ता सांगत होता: पूर्ण भरलं. गणितही सांगतं की कुठल्याही एका रात्री सातपेक्षा जास्त कुटुंबं नसतील तर सात खोल्यांत सगळ्यांना न हलवता बसवता येतं, आधीपासून नीट मांडलं तर. पण गणिताला आजीचे गुडघे माहीत नसतात. आजीला माडी नको, तिला खाली हवं, संडास कमोडचा हवा, आणि तो फक्त मागच्या खोलीत. मागच्या खोलीत एसी नाही, आणि सुनेला एसी हवा. खोली शोधून देणारं सूत्र मी लिहिलं होतं, सून आणि आजी यांच्यात निवाडा करणारं लिहिलं नव्हतं. तसं कोणी लिहिलं तर ते लॉजच्या तक्त्यात वाया घालवू नये.

तेव्हा काकांनी अट घातली: तक्त्यात पडवी हवी. मुलगा म्हणाला, पडवी ही खोली नाही. काका म्हणाले, माणूस झोपतो ना? मग ओळ हवी. नववी ओळ टाकली, पडवी. ही ओळ कधीच तांबडी होत नाही. पडवीत किती जण मावतात याला अंत नाही, आणि तसं विचारायची पद्धतही नाही. बारा महिने तेरा काळ हिरवीगार.

आता तक्त्यावर जी ओळ हिरवी, ती साइटवर विकायला जाते. तक्ता केला तो त्याचसाठी. पडवीची जाहिरात गेली. फोटो काकूंनी सकाळी सडा घातल्यावर काढलेला होता, झोपाळ्यासकट. वर्णनाच्या जागी मुलानं शिकलेलं इंग्रजी वापरलं. मे महिन्यात सगळीकडे तांबडं असताना एवढीच एक ओळ हिरवी म्हटल्यावर पुण्याच्या एका जोडप्यानं तीन रात्री घेतल्या, पैसे भरून. येऊन राहिलेही. पहाटे साडेपाचला काकांच्या घोरण्यानं जाग आली, कारण काका त्यांच्या नेहमीच्या जागी होते. डेटाबेसनं हे पकडलं नाही. काकांचं बुकिंग नव्हतं.

त्या जोडप्यानं साइटवर पाच तारे दिले आणि लिहिलं की सोबत स्थानिक इतिहासतज्ज्ञ राहतो. त्यानंतर पडवीला मागणी इतकी वाढली की दिवाळीत काकांना स्वतःसाठी मागची खोली अडवून ठेवावी लागली. तक्त्यावर ती जांभळी दिसते.